खोलीबदल

आमचं पहिलं स्वतःचं घर चार बिऱ्हाडांचं होतं आणि त्यातल्या एकातच आम्ही राहायचो, बाकीची भाड्याने. सातपूरच्या कारखान्यांच्या मागे, बस जिथे वळून परत फिरते त्याच्या जरा पुढे, दुमजली घर. खाली दोन बिऱ्हाडं, वर दोन, प्रत्येकाला पुढे एक खोली आणि मागे स्वयंपाकघर. जिना बाहेरून, जिन्याखाली नळ, नळाशी कपडे धुण्याचा दगड. बांधणाऱ्याने पाइप वाचवायला शेजारशेजारचे ओटे मधल्या एकाच भिंतीला पाठीला पाठ लावून घातले होते. त्यामुळे शेजारची दोन घरं आरशातल्यासारखी एकमेकांच्या उलटी होती. ओट्याशी उभं राहिलं की एका घरात मोरी डाव्या हाताला यायची, दुसऱ्यात उजव्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मध्येच थांबावं लागणार नाही. मला सगळं क्रमाने लावून ठेवायची सवय आहे. घरातले त्यावरून हसतात, आणि आलेल्या बायका माझ्या फडताळाचे फोटो काढून नेतात. ती सवय मला त्याच घरात लागली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात टर्नर होते. त्याआधी आम्ही जुन्या नाशकात एका खोलीत भाड्याने राहायचो. तिथले घरमालक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या मुलीला आणि जावयाला जागा हवी होती. दर महिन्याला ते दारात येऊन उभे राहायचे आणि फार संकोचून म्हणायचे, "बघा ना जरा कुठे सोय होते का तुमची." अण्णा म्हणायचे, "बघतो." आई चहा द्यायची. आणि आम्ही तिथेच राहायचो. स्वतःचं घर झालं तेव्हाच आम्ही ती खोली सोडली, आणि तोवर त्या मुलीने दुसऱ्या गावात संसार मांडलेला होता. भाडेकरू कसा बसतो हे अण्णांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते स्वतः बसलेले होते. म्हणून खरेदीखत लिहून देणाऱ्या माणसाने त्यांना एक युक्ती सांगितली ती त्यांनी घट्ट धरून ठेवली. करार अकरा महिन्यांचाच करायचा, आणि करार संपला की भाडेकरूला त्याच घरातल्या दुसऱ्या बिऱ्हाडात हलवायचं. नवी खोली, नवा करार. मग कुणाला म्हणता येत नाही की मी या जागेत इतकी वर्षं आहे. आई त्यांना टोमणा मारायची, "तुम्ही बसलात म्हणून जग बसतं असं वाटतं तुम्हाला." अण्णा हसायचे नाहीत.

तरी मी खोटं कशाला लिहू, ते घर आनंदाचं होतं. पहिल्या दिवशी विहारातले लोक आले, वंदना झाली, आईने मोठ्या पातेल्यात खीर केली आणि चारही दारांसमोर मी रांगोळी काढली. सकाळी पहिल्या पाळीचा भोंगा झाला की गल्लीतून मोटारसायकली निघायच्या, त्यांचा आवाज विरला की नळाचं पाणी बादलीत पडायला लागायचं, मग वरून कुणाच्या तरी खलबत्त्याचा आवाज. लसणाचा वास जिन्यावरून खाली यायचा. आम्ही खाली. आमच्या शेजारी कारखान्यातली दोन मुलं राहायची, ती सारखी पाळीवर असायची, दिसण्यापेक्षा त्यांचे वाळत घातलेले कपडेच जास्त दिसायचे. वर उजवीकडे देवरे सर. देवळ्याचे, इथल्या शाळेत शिक्षक. बायको आणि लहान मुलगी. बाहेर शुद्ध बोलायचे आणि घरात पाऊल टाकलं की अहिराणी. पहिला खोलीबदल झाला तेव्हा मी अकरावीत होते. तोवर सर खाली होते आणि ती मुलं वर; आता सरांना वर जायचं होतं आणि मुलांना खाली यायचं होतं. कुठलं सामान आधी निघायचं, कुठलं ओसरीवर थांबायचं, हे सगळं मी ठरवलं. गाठोड्यांवर खडूने खुणा केल्या. जिन्यात कुणी कुणाला अडलं नाही. आईने सगळ्यांना पोहे दिले. मध्येच देवरे सर कमरेवर हात ठेवून ओरडले, "मना स्टोव्ह कथा शे, मॅनेजरबाई?" मी म्हटलं, "सर, तिसऱ्या पायरीवर, पिशवीत." सगळे हसले, आणि तेव्हापासून मी मॅनेजरबाई झाले. ते नाव मला फार आवडायचं.

त्यानंतर वर डावीकडे इंदुमावशी राहायला आल्या. इगतपुरीच्या. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो गेल्यावर पेन्शन होती. मुलगाही रेल्वेत, सून चांगली, घर चांगलं. मग इथे एकट्या कशाला राहता, असं आईने पहिल्याच दिवशी विचारलं.

"तिथं लय पाऊस हाय ताई. भिंती वल्या, कपडं वलं." मग त्या म्हणाल्या, "आन् खरं सांगू का? दोन बायकांत एक चूल. सून काय बोलत नाय. पन मी डबा उचलला की ती बघती. मला माझा ओटा पायजे, बस. एवढंच मागनं हाय माझं."

आईला ते इतकं पटलं की तिने अण्णांना विचारायच्या आधीच किल्ली दिली.

मावशींच्या ओट्यावर मी कितीतरी दुपारी बसले असेन. त्या नागलीची भाकरी करायच्या, खुरासणीची चटणी, आणि मुलाने इगतपुरीहून पाठवलेल्या तांदळाचा मऊ भात. त्यांचं सगळं ठरलेल्या जागी असायचं. मीठ, हळद, तिखट, चहा, साखर. मला वाटायचं, अखेर माझ्यासारखं एक माणूस भेटलं. एकदा मी नुसतं बघण्यासाठी घेतलेला साखरेचा डबा चहाच्या जागी ठेवला. मावशींनी चहाच्या पुडीऐवजी साखर घातली, एकदा, दोनदा, आणि मग बोट चाटून पाहिलं. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"डबा तू हलवला का गं?"

"हो मावशी. चुकून."

त्या खाली बसल्या. मग मला जवळ ओढून म्हणाल्या, "हे बघ पोरी. मला दिसत नाय. उजेड कळतो, मानूस हाललेलं कळतं, बाकी समदं धुरावानी. डॉक्टरनं सांगितलंय, आता वाढायचं नाय आन् कमी बी व्हायचं नाय. पन या खोलीत मला डोळं लागतच नाय. हाताला समदं म्हाईत झालंय. फक्त माझ्या पोराला कळू देऊ नको. त्याला कळलं का त्याच दिशी घेऊन जाईल. लय जीव हाय त्याचा माझ्यावर."

मी म्हटलं, "नाही सांगणार." आईला सांगितलं नाही, अण्णांना सांगितलं नाही. आईला बहुधा कळलेलं होतं. तिने कधीतरी त्यांच्यासाठी बाजारातून येताना न विचारताच भाजी निवडून आणायला सुरुवात केली होती. पण आमच्या घरात अशा गोष्टी कळल्या तरी बोलायच्या नाहीत अशी पद्धत होती, आणि ती मला तेव्हा माणुसकीची वाटायची.

मग अकरा महिने भरत आले. आता वरची दोन बिऱ्हाडं आपसांत बदलायची होती. देवरे सर डावीकडे, मावशी उजवीकडे. जेवताना आईने विषय काढला.

"अहो, मावशींना राहू दे की तिथेच. वय झालंय त्यांचं."

"वय झालेली माणसंच बसतात," अण्णा म्हणाले. "त्यांना हाकलतोय का मी? चार पावलांवरची तर खोली."

"सरांना विचारा. त्यांनाही नको असेल."

सरांना अण्णांनी खरंच बोलावून विचारलं. सर ओसरीवर खुर्चीत बसले, पायावर पाय टाकला. "अण्णा, मला हलवा, नका हलवू, मला काही नाही. मनी बायको तेवढी कटकट करी. पण एक सांगतो. आज मावशींना सोडलं तर पुढच्या वेळेला मीही म्हणणार, मला सोडा. मग तुमचा नियम गेला ना?" ते हे गमतीने म्हणाले. अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाले. त्या एका गमतीने निर्णय पक्का झाला.

मी तिथेच दारात उभी होते. तेव्हा मी एक वाक्य बोलले असते तर पुरे होतं. पण मी शब्द दिला होता, आणि अण्णांना कळलं की ते मावशींच्या मुलाला कळवणार, हेही मला माहीत होतं. त्यांना जबाबदारी म्हणजे कळवणं असंच वाटायचं. तेव्हा सांगण्याऐवजी मी व्यवस्था करायचं ठरवलं. मला वाटलं, यात बिघडलं काय? मावशींचं स्वयंपाकघर मी तिकडे जसंच्या तसं लावून देईन. डब्यांचा क्रम तोच, पळ्यांचे खिळे त्याच उंचीवर, स्टोव्ह पूर्वीसारखा खिडकीपाशी, पाण्याचा माठ उंबऱ्याशी. मावशींना मी तसं सांगितलंही. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "तू लावनार ना? मग हुईल." त्यांना दुसरं काय म्हणता येणार होतं? नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

खोलीबदलाच्या दिवशी नेहमीसारखे पोहे झाले. देवरे सरांची मुलगी उशी डोक्यावर घेऊन इकडून तिकडे पळत होती. मी सरांच्या बायकोला मदत करायला फिरकलेही नाही. मावशींचा प्रत्येक डबा मी स्वतःच्या हाताने नेला आणि ठेवताना त्यांचा हात धरून त्यावर टेकवला. "हे मीठ. ही हळद." त्या मान हलवत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "ओटा उलटा वाटतोय गं." मी म्हटलं, "भिंत तीच आहे मावशी, फक्त आपण पलीकडून आलोय." मला ते वाक्य फार हुशार वाटलं होतं. दोन-तीनदा मी त्यांना ओट्यावरून हात फिरवायला लावला, मोरी कुठे तेही दाखवलं. त्यांनी सगळं बरोबर सांगितलं. मी खाली आले आणि आईला म्हणाले, "झालं. एक भांडं इकडचं तिकडे नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली पोळ्या लाटत होते. वर भांडं पडल्याचा आवाज झाला. आमच्या घरात भांडी रोज पडायची. पण त्यानंतर जे काही व्हायला हवं होतं, शिवी, पुटपुट, झाडूचा आवाज, त्यातलं काहीच झालं नाही. मी वर गेले. मावशी ओट्याला धरून उभ्या होत्या. उकळती डाळ मोरीत, जमिनीवर आणि त्यांच्या उजव्या पायावर. त्यांनी स्टोव्हवरून पातेलं उतरवलं होतं आणि रोजच्यासारखं उजव्या हाताला ठेवलं होतं. जुन्या घरात उजव्या हाताला ओटा होता. इथे ओटा संपत होता. वर्षभर ज्या हाताने कधी चूक केली नव्हती त्याने अगदी अचूक, जिथे ठेवायचं तिथेच ते ठेवलं होतं. पाय भाजलेला असताना त्या मला पहिल्यांदा काय म्हणाल्या तर, "आधी डाळ पूस. कुनी यायच्या आत पूस."

मी पुसत होते तेवढ्यात सरांची बायको आली, मग आई, मग रजा टाकून अण्णा. दवाखान्यात डॉक्टरांनी पायाला पट्टी बांधली आणि बांधता बांधता डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला. त्यांनी अण्णांना बाजूला घेतलं. संध्याकाळच्या गाडीने मुलगा आला. तो भांडला असता तर आम्हाला बरं वाटलं असतं. तो जिन्यावर बसून रडला. "आई, अगं किती दिवस? किती दिवस असं?" मावशी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिल्या आणि म्हणत राहिल्या, "काय नाय रे. हात घसरला. मानसाचा हात घसरत नाय का?"

अण्णांनी तेव्हा जे केलं ते मी त्यांना कधी करताना पाहिलं नव्हतं. ते पायरीवर मावशींसमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही इथेच राहा. तुमच्या जुन्या खोलीत. कायमच्या. मी लिहून देतो, आत्ता देतो. कुणी तुम्हाला हलवणार नाही, मीसुद्धा नाही." कायम हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. देवरे सर वरून म्हणाले, "अण्णा, मी आत्ता सामान काढतो. अर्धा तास द्या." मावशींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "भाऊ, तुमचं लय उपकार. पन आता त्याला कळलंय." त्यांनी मुलाकडे हात केला. अण्णांना त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. त्यांना कायमची खोली कधीच नको होती. त्यांना फक्त कुणाला काही कळायला नको होतं.

त्यानंतर आमच्याकडे खोलीबदल झाला नाही. अण्णांनी काही जाहीर केलं नाही, अकरा महिने झाले तेव्हा ते बोललेच नाहीत, एवढंच. देवरे सर पुढे कितीतरी वर्षं राहिले आणि एके दिवशी पेढे घेऊन आले, स्वतःचं घर बांधून गेले. कारखान्यातली ती दोन मुलं लग्नं करून गेली. एकही माणूस बसला नाही. आता अण्णा नाहीत, त्या घराचं सगळं मी बघते. करार अजूनही अकरा महिन्यांचेच, फक्त आता अंगठा यंत्रावर उमटवायचा. मध्यस्थ मला म्हणतो, "मॅडम, तुमच्यासारखे मालक नाहीत हो, भाडेकरूला चार वर्षं त्रास नाही." मी मान डोलावते. प्रत्येक नव्या माणसाला मी दोन्ही बाजूंच्या खोल्या दाखवते आणि विचारते, कुठली सोयीची वाटते? लोकांना त्याचं कौतुक वाटतं. मला ते ऐकून घरी जावंसं वाटतं.

मुलगा मावशींना घेऊन गेला, त्यानंतर काही आठवड्यांनी आई मला घेऊन इगतपुरीला गेली. आईने लाडू केले होते. मुलाचं घर रेल्वेच्या वसाहतीत, नीटनेटकं, ओसरीत कुंड्या. मावशी खिडकीशी खाटेवर बसल्या होत्या. अंगावर नवं लुगडं, केस विंचरलेले, पायाची जखम भरत आलेली. शेजारी स्टुलावर पाण्याचा तांब्या आणि रेडिओ. कुणालाही वाटावं, म्हातारपण असं असावं. सुनेने आमचं मनापासून स्वागत केलं. "आत्यांना काही करू देत नाही आम्ही," ती म्हणाली. "खूप केलं त्यांनी आयुष्यभर." ती हे खरं बोलत होती. तिच्या बोलण्यात मला कुठेही खोट सापडली नाही, आणि मी शोधत होते.

मावशींनी माझा हात हातात घेतला. "घर भरलं का? माझ्या जागी कोन आलं?"

"नाही अजून," मी म्हटलं. ते खोटं होतं. एक जोडपं आलेलं होतं.

"तू लय चांगलं लावलं होतं गं. डबं समदं जिथल्या तिथं. माझाच हात चुकला." त्या माझी समजूत काढत होत्या.

आई आणि सून मागे परसात कढीपत्त्याचं झाड बघायला गेल्या. मावशींनी लगेच आवाज खाली आणला. "मला आत ने. ओट्यापाशी. नुसता चहा टाकते तुमच्यासाठी. तू उभी ऱ्हा ना शेजारी."

मी त्यांना धरून आत नेलं. ते नव्या पद्धतीचं स्वयंपाकघर होतं, गॅसचं. मावशींनी ओट्यावर तळहात ठेवला आणि तो हळूहळू कडेपर्यंत नेला, मग परत आणला. त्यांचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखत होते. त्यांनी विचारलं, "चहाचा डबा कुठं हाय?" मी फळीकडे पाहिलं. तिथे एकसारखे कितीतरी डबे होते आणि कुठल्यात काय हे मला ठाऊक नव्हतं. मी एक उघडला, डाळ निघाली. दुसरा उघडत होते तेवढ्यात सून दारात आली.

ती रागावली नाही. घाबरली होती. "आत्या, चला बाहेर. अहो, पुन्हा काही झालं तर?" आणि मग माझ्याकडे वळून, अगदी विनवून म्हणाली, "ताई, तुम्ही तर होतात तिथे. तुम्ही पाहिलंय काय झालं ते. तुमचं ऐकतील. तुम्हीच सांगा ना त्यांना."

आई तिच्या मागे उभी होती. मावशींचा हात अजून ओट्यावर होता आणि त्यांनी मान माझ्याकडे वळवली होती. मी काय म्हणते याची त्या वाट बघत होत्या.

मी म्हणाले, "चला मावशी."

त्यांनी ओट्यावरचा हात उचलून माझ्या हातात दिला आणि माझ्याबरोबर बाहेर आल्या.